मुकादमाचं सुतक

आमच्या घरात टेबल एकच. त्याच्या खिडकीकडच्या बाजूला बसून माझे वडील माझ्याविरुद्ध अर्ज लिहीत होते, आणि भिंतीकडच्या बाजूला मी दहावीच्या वह्या तपासत होते.

"केतकी, ‘घोर अवमान’ लिहू का ‘अक्षम्य अवमान’?"

"अक्षम्य लिहा, तात्या. वजन पडतं."

"बरं झालं, मास्तरीण घरातच हाय," म्हणत तात्यांनी ‘अक्षम्य’ लिहिलं आणि खूश होऊन चहा मागितला. मी दिला. भांडण आपल्या जागी आणि चहा आपल्या जागी, असा आमच्या घरचा रिवाज आहे.

ही गोष्ट २०४४ सालची. दोन वर्षांपूर्वी हरकतीचा नियम आला होता. एखाद्या पाठाविरुद्ध गावातल्या पन्नास माणसांनी पोर्टलवर अंगठे उमटवले, की तालुक्याहून अधिकारी येऊन सुनावणी घेणार. हरकत मान्य झाली, तर त्या शाळेत तो पाठ तीन वर्षं बंद. आमच्या नांदवळ्याच्या शाळेत दहावीच्या विज्ञानातला उत्क्रांतीचा पाठ मी शिकवते, आणि तो बंद पाडायला पन्नास अंगठे गोळा केले होते हणमंत खराडे यांनी. म्हणजे आमच्या तात्यांनी. मारुतीच्या देवळाची दिवाबत्ती चाळीस वर्षं त्यांच्याकडे आहे आणि भजनी मंडळाची पेटीही त्यांचीच. गावात त्यांना पन्नास अंगठे मिळायला दोन संध्याकाळी पुरल्या.

माणूस देवानं घडवला, हे तर त्यांचं म्हणणं होतंच. पण खरी ठिणगी पडली पान एक्केचाळीसवरच्या चित्रानं. पाठ्यपुस्तकातली चित्रं आता यंत्र काढतं. त्याला कोणीतरी ‘आपल्याकडचं वाटेल असं काढ’ म्हणून सांगितलं असणार. चित्रात एक रांग होती. मागे चार पायांवरचं माकड, त्याच्यापुढे अर्धा वाकलेला, त्याच्यापुढे थोडा सरळ झालेला, आणि सगळ्यांत पुढे ताठ उभा माणूस. धोतर, बंडी, लाल पटका, झुपकेदार मिशा. आमच्या बाहेरच्या खोलीत तात्यांच्या आजोबांचा फोटो आहे. तोच पटका आणि त्याच मिशा.

"ह्या माणसानं दुष्काळात सोत्ता कुदळ मारून गावाला हीर पाडून दिली," तात्या म्हणाले. "त्याला तुम्ही माकडांच्या रांगंत हुभा करताय?"

"ते तुमचे आजोबा नाहीत हो. नुसतं चित्र आहे."

"मिश्या बघ."

मी पुस्तक मिटून ठेवलं.

माझ्यासाठी हा नुसता एक पाठ नव्हता. त्याच वर्षी शाळेला नातेमापक मिळाला होता, आणि पंधरा वर्षांच्या नोकरीत मुलं पहिल्यांदाच तास संपल्यावर वर्गात थांबायला लागली होती. नातेमापक म्हणजे जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. त्याला दोन कप्पे. एकात एका जिवाचा नमुना ठेवायचा, म्हणजे पान, केस, पीस, नाहीतर गालाच्या आतून फिरवलेली कापसाची काडी. दुसऱ्यात दुसऱ्याचा. बारा मिनिटांनी पडद्यावर आकडा येतो. या दोघांचा सामाईक पूर्वज किती वर्षांपूर्वी होऊन गेला, तो आकडा. मुलांनी गाव पालथं घातलं. भिंतीवरच्या तक्त्यात रोज भर पडायची. खराडे बाई आणि शेळी, साडेनऊ कोटी वर्षं. खराडे बाई आणि कोंबडी, बत्तीस कोटी. खराडे बाई आणि कडुनिंब, एकशे साठ कोटी. सगळ्या मोजणीत माझीच थुंकी का, असं विचारलं तर ईश्वरी धुमाळ म्हणाली, "बाई, तुम्ही इथंच असता." हरकत मान्य झाली असती, तर पाठ गेला असता आणि त्याच्याबरोबर ते यंत्रही परत गेलं असतं.

"तुम्हीही एकदा मोजून बघा," मी तात्यांना म्हटलं होतं.

"माझी थुकी त्या डब्यात पडायची न्हाई," त्यांनी निकाल दिला.

सुनावणीला चार दिवस उरले होते, तेव्हा मुकादम गेला.

मुकादम म्हणजे देवळाच्या शिखरावर बसणारा म्हातारा हुप्प्या. काळं तोंड, पांढऱ्या भुवया, आणि खाली गावाची कामं चाललेली असताना वरून अशी नजर, की हा हजेरी मांडतोय. म्हणून मुकादम. अकरा वर्षं रोज सकाळी पूजा झाली की तो खाली यायचा आणि तात्यांच्या हातून खोबऱ्याचा तुकडा घ्यायचा. हिसकावून कधीच नाही. त्या सकाळी तो खाली आला नाही. तात्या वाट बघून मागच्या बाजूला गेले, तर पिंपळाच्या पारावर तो कुशीवर निजल्यासारखा पडलेला. वय झालं होतं, दुसरं काही नाही.

आमच्याकडे वानर मेलं की त्याचं माणसासारखं करतात. मुकादमाला गरम पाण्यानं आंघोळ घातली, नवं वस्त्र घातलं, खुर्चीत बसवून गुलाल उधळत सगळ्या गावातून नेलं. पुढे भजन होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तात्यांचा आवाज भजनात फुटलेला ऐकला. ओढ्याकाठी मीठ घालून समाधी दिली. मग तात्या तिथेच खाली बसले आणि न्हाव्याला म्हणाले, "घे." डोकं भादरलं, मिशा उतरवल्या. सत्तर वर्षांचा माझा बाप बिनमिशांचा पाहून मला रडू आलं. ते माकडासाठी नव्हतं, हे कबूल करते.

त्या दिवसापासून तात्यांनी सुतक धरलं. दहा दिवस देवळाची पायरी चढायची नाही. चाळीस वर्षांत तापातसुद्धा ज्यांनी दिवा चुकवला नाही, ते घराच्या ओट्यावर बसून शेजारच्या पोरीला लांबून सांगायचे, "वात जरा म्होरं वढ गं." शेजारणींनी पिठलं-भाकरी आणून दिली. आणि सुनावणीचं काय? आमचे हेडमास्तर लोखंडे सर घाबरट माणूस. तात्या म्हणाले, सुतकात मी कागदाला शिवणार न्हाई. सरांनी पोर्टलवर तहकुबी टाकली. कारण लिहिलं, ‘अर्जदाराच्या कुटुंबात मृत्यू’. त्याशिवाय दुसरं कुठलं कारण पोर्टल घेतच नव्हतं. नवी तारीख मिळाली ती नेमकी तेराव्याची.

"बाई, तुम्ही केस जिंकल्यात जमा," सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "सुनावणीत फक्त एवढं विचारायचं, सुतक परक्याचं पाळतात की नात्यातल्याचं? बस. गाव हसून लोळेल."

वाक्य झकास होतं. मी ते दोन दिवस तोंडात घोळवलं. भाकरी थापतानासुद्धा म्हणून बघितलं. खोटं कशाला बोलू, मला त्याची गोडी लागली होती.

सुतकाच्या सहाव्या दिवशी, ऐन तासाच्या मध्ये, वर्गाच्या दारात तात्या उभे. डोक्याला टोपी, हातात उपरण्याची पुरचुंडी. तात्या शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि पुरचुंडी सोडली. आत चार-पाच राखाडी केस होते.

"आंघूळ घालताना उपरन्याला चिकाटलं हुतं," ते म्हणाले. "त्या डब्यात घाल. माझी थुकी बी घे."

ईश्वरीनं त्यांच्या गालातून काडी फिरवली. यंत्र गुरगुरायला लागलं. बारा मिनिटं गप्प बसणं तात्यांना कधीच जमलेलं नाही.

"ह्याला कसं कळतं?"

"तात्या, धुमाळांच्या भजनाच्या वहीत आणि आपल्या वहीत त्या गौळणीचं तिसरं कडवं का नाही?"

"कारण दोन्ही वह्या परशुराम मास्तरांच्या वहीवरनं उतरल्यात. मास्तरांनीच ते गाळलं हुतं."

"तुम्ही मास्तरांना ते गाळताना पाहिलंत?"

"मास्तर माझ्या जन्माआधी वारलं. पण दोन्हीकडं नेमकं त्येच कडवं कसं न्हाई? योगायोग हाय व्हय?"

"यंत्र एवढंच करतं. आपल्या प्रत्येक पेशीत एक वही असते, चार अक्षरांत लिहिलेली. बाप ती पोराला उतरवून देतो, आईसुद्धा देते. उतरवताना एखादी चूक राहते. ती चूक मग पुढच्या सगळ्या वह्यांत जाते. दोन जिवांच्या वह्यांत जे सारखं आहे, ते एकाच मूळ वहीतून आलेलं. जे वेगळं आहे, ते ताटातूट झाल्यानंतरचं. चुका साधारण ठरावीक गतीनं पडतात. ती गती खडकात सापडलेल्या जुन्या हाडांच्या वयाशी ताडून बघितलेली आहे. म्हणून फरक मोजला की वर्षं कळतात."

तात्यांनी मान हलवली. वह्या उतरवण्यात त्यांचा जन्म गेला होता. हे त्यांना आमच्या लोखंडे सरांपेक्षा लवकर कळलं.

पडद्यावर आकडा आला. दोन कोटी ऐंशी लाख वर्षं.

ईश्वरीनं तो खडूनं तक्त्यावर लिहिला. शेळीच्या वर, कोंबडीच्या वर, सगळ्यांच्या वर. तात्यांनी बोटांच्या पेरांवर हिशेब मांडला.

"येक पिढी धा वर्साची धरली तरी अठ्ठावीस लाख पिढ्या झाल्या," ते म्हणाले. "आन् सुतक असतंय सात पिढ्यांचं."

"मग सोडा की सुतक, आजोबा," ईश्वरी म्हणाली.

"आता धरलंय तर धरलंय," तात्या म्हणाले आणि टोपी सारखी करत निघून गेले.

घरी त्यांनी त्याविषयी एक अक्षर काढलं नाही. पण ते चार-पाच राखाडी केस जपून ठेवणाऱ्या माणसाचं गावासमोर हसं करणारं वाक्य त्यानंतर माझ्या तोंडात गोड लागेना.

तेराव्याच्या सकाळी शाळेच्या पटांगणात एकीकडे मोठमोठ्या पातेल्यांत गावजेवण शिजत होतं आणि दुसरीकडे व्हरांड्यात सुनावणी. शिक्षण विस्तार अधिकारी बनसोडे मॅडम वेळेवर आल्या. मोजकं बोलणाऱ्या बाई. त्यांनी टॅब टेबलावर उभा केला. पोर्टलला आता आवाज आहे, आणि तो इतका गोड आहे की त्याच्याशी खोटं बोलवत नाही.

"आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत," पोर्टल म्हणालं. "तहकुबीच्या अर्जातली काही माहिती अपुरी आहे. मयताचं नाव सांगा."

"मुकादम," तात्या म्हणाले.

"मयताचं वय?"

"असंल ईसेक वर्सं."

"फार लवकर गेले. मयताशी आपलं नातं सांगा."

बनसोडे मॅडमनी लोखंडे सरांकडे पाहिलं. सरांनी रुमाल काढला.

"मॅडम, म्हणजे, मयत जो आहे तो वानर आहे."

"वानर?"

"गाव सुतकात होतं, मॅडम."

मॅडमना हसू आलं असणार, पण त्यांनी ते गिळलं. मग नियम काढून वाचला आणि तात्यांना नीट समजावून सांगितला. "खराडे आजोबा, नातं नसेल तर ही तहकुबी बेकायदा ठरते. मग पहिल्या तारखेला तुम्ही विनाकारण गैरहजर, आणि तुमची हरकत इथेच निकाली. पाठ चालू राहील."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जिंकले होते. ते झकास वाक्यसुद्धा खर्चावं लागलं नव्हतं. लोखंडे सर डोळ्यांनी सांगत होते, बसून राहा.

मी तात्यांकडे पाहिलं. कोवळे पांढरे खुंट आलेलं डोकं, हातात तो अर्ज, मागे अंगठे दिलेली पन्नास माणसं. एका जिवासाठी रडले म्हणून ते हरणार होते. असा पाठ जिंकून मी उद्या वर्गात काय शिकवणार होते? शिवाय गाव म्हणालं असतं, उत्तर नव्हतं म्हणून बाईनं नियमाआड लपून पाठ वाचवला. मी उभी राहिले.

"मॅडम, तहकुबी मान्य करा. माझी ना नाही. त्यांची हरकत ऐकून घ्या, मला तिला उत्तर द्यायचंय."

"विचार करा, बाई. हरकत मान्य झाली तर तीन वर्षं पाठ नाही."

"माहीत आहे."

"ठीक. पण पोर्टल नात्याशिवाय पुढे सरकत नाही," मॅडम म्हणाल्या. पोर्टलनं लगेच त्याच गोडव्यानं पुन्हा विचारलं, "मयताशी आपलं नातं सांगा."

तात्या माझ्याकडे वळले. घरी टेबलाशी एखादा शब्द अडला की वळतात, तसेच.

"केतकी, आपुन त्याच्यापास्नं झालो न्हाई न्हवं?"

"नाही, तात्या."

"आन् त्यो आपल्यापास्नं न्हाई."

"नाही."

"मूळ पुरुष दोघांचा येकच. त्यो ना धड मुकादमासारखा, ना धड आपल्यासारखा. त्याच्या पोरांची दोन घराणी झाली."

"अगदी बरोबर."

"मग येवढ्यासाठी पोर्टल कशाला अडलंय? ह्या नात्याला काय म्हंत्यात ते शेंबड्या पोराला बी ठावं हाय." तात्या टॅबजवळ वाकले आणि बहिऱ्या माणसाला सांगावं तसं मोठ्यानं म्हणाले, "चुलत!"

"नोंद झाली," पोर्टल म्हणालं. "तहकुबी मंजूर."

हशा असा उठला की पातेल्याजवळचे आचारी काय झालं बघायला आले. तात्याही हसले. मला तर हसावं की त्यांच्या पाया पडावं कळेना. उत्क्रांतीचा अर्धा पाठ त्यांनी एका शब्दात सांगितला होता.

बनसोडे मॅडमनी डोळे पुसले. "मग आता हरकत मागे घेताय ना?"

"न्हाई," तात्या म्हणाले. "हरकत हाय."

हसू थांबलं. तात्यांनी पुस्तक उघडून पान एक्केचाळीस मॅडमसमोर धरलं.

"पाठ म्हंतो, आमी आन् वानर चुलत. मान्य. माझी थुकी घालून बघितलंय मी. मग ह्या चित्रात चुलत भावाला बापाच्या जागी कुनी हुभा केला? ह्यो मागं, मग ह्यो त्याच्या म्होरं, मग आमचा आजा. भावाला बाप म्हनत्यात व्हय कुठं? ह्यात आमच्या घराण्याचा अवमान हाय आन् मुकादमाच्या घराण्याचा बी. अक्षम्य अवमान."

मी चित्राकडे पाहिलं. असली रांग मी पंधरा वर्षं मुलांना दाखवत आले होते. दर वर्षी तोंडानं ‘सामाईक पूर्वज’ म्हणायचं आणि बोटानं रांग दाखवायची. मुलं बोटाकडे बघतात. मला लाज वाटली, आणि तात्यांचा अभिमानही.

"मॅडम, हरकत बरोबर आहे," मी म्हटलं. "चित्र चूक आहे. इथे रांग नको, झाडासारख्या फांद्या हव्यात."

"बाई, तुम्ही पाठाच्या बाजूनं आहात की विरुद्ध?"

"पाठाच्याच बाजूनं आहे. हे दोघंही पाठाच्याच बाजूनं बोलताहेत, तात्या आणि नातेमापक."

बनसोडे मॅडमनी मागे जमलेल्या माणसांना विचारलं, चित्र गेलं तर पाठ चालेल का. माणसांनी तात्यांकडे पाहिलं, तात्यांनी मान डोलावली, तशी पन्नास डोकी डोलली. मॅडमनी निकाल सांगितला. हरकत अंशतः मान्य. पाठ राहील. पान एक्केचाळीसवरचं चित्र या शाळेत दाखवायचं नाही, आणि ते बदलावं अशी शिफारस पुस्तक मंडळाकडे जाईल. तोवर मुलांनी आपलं चित्र काढून त्या पानावर डकवावं.

"आज्याला येका फांदीवर बशिव," तात्यांनी ईश्वरीला तिथल्या तिथे फर्मावलं. "मुकादमाला दुसऱ्या. आन् मिश्या नीट काढ."

"मुकादमाला मिशा नव्हत्या, आजोबा."

"भुवया तर हुत्या? त्या काढ."

मॅडमनी टॅब मिटला, पर्स खांद्याला लावली आणि व्हरांड्याच्या पायरीवर चपला घालायला लागल्या. पुढच्या गावात दुसरी सुनावणी होती म्हणे. तात्या लगबगीनं त्यांच्या वाटेत जाऊन उभे राहिले आणि हात जोडले.

"मॅडम, जेवल्याबिगर जायचं न्हाई. चुलत भावाचं तेरावं हाय. घरचं कार्य हाय."

मॅडमनी घातलेल्या चपला काढल्या आणि पंगतीत येऊन बसल्या.